बेंजामिन फ्रँकलिनची लेखनसाधना

आकाशातील वीज आणि प्रयोगशाळेतील विद्युत ही एकच शक्ती होय हे सिद्ध करणारा शास्त्रज्ञ, तसेच अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा मुत्सद्दी म्हणून बेंजामिन फ्रँकलिन जगाला परिचित आहे. परंतु त्याच्या थोरवीचा पाया लेखणीने घातला, आणि ही लेखणी त्याला कोणा गुरूने दिली नव्हती.

बेंजामिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बॉस्टन शहरात झाला. त्याचे वडील जोसाया साबण व मेणबत्त्या तयार करीत. सतरा भावंडांत बेंजामिन पंधरावा. एवढ्या मोठ्या कुटुंबात शिक्षणाचा खर्च कोठून परवडणार? दोन वर्षांतच त्याची शाळा सुटली आणि दहाव्या वर्षी तो वडिलांच्या दुकानात मेणबत्त्यांच्या वाती कापू लागला. या धंद्यात त्याचे मन रमेना. हाती पडेल तो पैसा तो पुस्तकांवर खर्च करी. मुलाची ही वाचनाची ओढ पाहून वडिलांनी १७१८ साली त्याला थोरला मुलगा जेम्स याच्या छापखान्यात उमेदवार म्हणून ठेवले. वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत तेथे काम करण्याचा करार बारा वर्षांच्या बेंजामिनने करून दिला.

त्याच सुमारास कॉलिन्स नावाच्या मित्राशी त्याचा वाद जुंपला. स्त्रियांना उच्च शिक्षण द्यावे की नाही, हा वादाचा विषय होता. बेंजामिन स्त्रीशिक्षणाच्या बाजूने होता. दोघांनी एकमेकांना पत्रे लिहून आपापली बाजू मांडली. ती पत्रे एके दिवशी वडिलांच्या हाती पडली. कोणाचे मत योग्य, याविषयी ते काहीच बोलले नाहीत. शुद्धलेखन व विरामचिन्हे यांत बेंजामिन सरस होता हे त्यांनी मान्य केले. परंतु भाषेची शोभा, विचारांची मांडणी आणि स्पष्टता यांत कॉलिन्सच पुढे असल्याचे त्यांनी उदाहरणे देऊन दाखविले. हे दोष बेंजामिनला पटले. तो रुसला नाही. उलट आपले लेखन सुधारण्याचा त्याने निश्चय केला.

लंडनमध्ये १७११ व १७१२ या वर्षांत ‘स्पेक्टेटर’ नावाचे नियतकालिक निघत असे. ॲडिसन व स्टील हे त्याचे प्रमुख लेखक. त्याचा एक सुटा खंड बेंजामिनला मिळाला आणि त्यातील लेखांवर तो लुब्ध झाला. एखादा लेख वाचून त्यातील प्रत्येक वाक्याचा आशय तो दोन-चार शब्दांत टिपून ठेवी. काही दिवस लोटल्यावर मूळ लेख न पाहता केवळ टिपणांच्या आधारे तो लेख स्वतःच्या शब्दांत लिहून काढी. मग दोन्ही लेख शेजारी ठेवून आपल्या चुका शोधी व दुरुस्त करी. आपला शब्दसंग्रह अपुरा आहे, असे आढळताच तो गोष्टींचे पद्यात रूपांतर करी आणि मूळ मजकूर विसरल्यावर त्या पद्याचे पुन्हा गद्य करी. कधी तो सर्व टिपणे मुद्दाम विस्कटून ठेवी आणि काही आठवड्यांनंतर ती योग्य क्रमाने लावी. अशा रीतीने विचारांची संगती कशी लावावी, हे तो शिकला. हा सारा अभ्यास तो पहाटे काम सुरू होण्यापूर्वी, रात्री काम संपल्यावर आणि रविवारी करी.

१७२१ साली जेम्सने ‘न्यू इंग्लंड कुरंट’ हे वृत्तपत्र सुरू केले. आपलाही लेख त्यात छापला जावा, असे बेंजामिनला वाटे. पण उमेदवाराचे लेखन भाऊ स्वीकारणार नाही, ही त्याला धास्ती होती. म्हणून त्याने अक्षर बदलून, सायलेन्स डूगुड या कल्पित विधवेच्या नावाने लेख लिहिला आणि रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकविला. सकाळी जेम्सच्या मित्रांनी तो वाचला, त्याची वाखाणणी केली आणि लेखक म्हणून गावातील विद्वानांची नावे घेतली. जवळच काम करणारा सोळा वर्षांचा मुलगा हे सारे ऐकत होता! एप्रिल ते ऑक्टोबर १७२२ या काळात अशी चौदा पत्रे प्रसिद्ध झाली.

त्याच वर्षी सरकारला न रुचणारा मजकूर छापल्याबद्दल जेम्सला तुरुंगात जावे लागले. तेव्हा वृत्तपत्राचा भार बेंजामिनने निर्भयपणे सांभाळला. त्या सुमारास, लंडनच्या एका पत्रातील विचारस्वातंत्र्याचा कैवार घेणारा उताराही डूगुडच्या पत्रातून प्रसिद्ध झाला. पुढे पत्रांचे रहस्य उघड झाले, तेव्हा जेम्सला ते आवडले नाही. दोघा भावांतील कलह वाढत गेला आणि १७२३ साली बेंजामिन घर सोडून फिलाडेल्फियास गेला.

१७२९ साली तो भागीदारासह ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’चा मालक झाला. कोणाची वैयक्तिक निंदा करणारा मजकूर आपल्या पत्रात येऊ नये, याची तो दक्षता घेई. १७ एप्रिल १७९० रोजी त्याचे निधन झाले. अनेक उच्च पदे भूषवूनही मृत्युपत्राच्या आरंभी त्याने स्वतःचा उल्लेख सर्वप्रथम मुद्रक म्हणून केला होता. ज्या उद्योगाने त्याला लिहावयास शिकविले, त्याचा त्याला अखेरपर्यंत अभिमान वाटत होता.