शंभूराजे आणि स्मृतीची दालने

छत्रपती संभाजी महाराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर झाला. मातोश्री सईबाईंचे ५ सप्टेंबर १६५९ रोजी निधन झाले, तेव्हा बाळराजे अवघे सव्वादोन वर्षांचे होते. कापूरहोळच्या धाराऊंनी त्यांना दूध पाजले आणि आजी जिजाबाईंच्या छायेत ते वाढले. मोठेपणी त्यांना आईचा चेहरा आठवत होता का, हे कोणत्याही बखरीत सापडत नाही. मेंदूविज्ञानाचे उत्तर मात्र बहुधा नकारार्थी येईल. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचे प्रसंग बहुतेक माणसांना मोठेपणी आठवत नाहीत. कानशिलांच्या आत खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग प्रसंगांची नोंद टिकवण्याचे काम करतो आणि त्या कोवळ्या वयात त्याची घडण पुरी झालेली नसते. कुशीची ऊब, ओळखीच्या हाताचा धीर यांचा ठसा मात्र प्रसंग विसरला तरी वृत्तीत उरू शकतो.

स्मृती हे एकच कोठार नसून तिची अनेक दालने आहेत, हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. अपस्माराने त्रस्त असलेल्या हेन्री मोलेसन या अमेरिकी तरुणाच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग १९५३ मध्ये शस्त्रक्रियेने काढण्यात आला. त्यानंतर नवे प्रसंग त्याच्या लक्षात राहीनासे झाले. तरीही आरशात पाहून आकृती गिरवण्याचे कसब तो सरावाने शिकला; आदल्या दिवशीचा सराव मात्र त्याला आठवत नसे. प्रसंगाची स्मृती आणि हाताच्या कसबाची स्मृती यांचे मार्ग निराळे असतात, हे त्यातून उमगले.

शंभूराजांच्या आयुष्याकडे या दृष्टीने पाहिले, तर ही दालने एकामागून एक उघडत जातात. पुरंदरच्या तहानंतर १६६५ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांना मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत जावे लागले. पुढच्याच वर्षी, १२ मे १६६६ रोजी, ते वडिलांसह आग्र्याच्या दरबारात होते. नऊ वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस उरले होते. शिवाजी महाराजांचा भर दरबारातील संताप, त्यानंतरची नजरकैद, ऑगस्टमधील सुटका आणि मग पित्यापासून दूर मथुरेतील मुक्काम हे सारे त्या बालकाने अनुभवले. भय आणि अपमान यांनी भारलेले प्रसंग सहसा खोलवर रुजतात. हिप्पोकॅम्पसला लागूनच असलेला अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग अशा प्रसंगांची नोंद गडद करतो.

घोड्यावरची मांड आणि तलवारीचा हात ही सरावाने अंगी भिनणारी विद्या आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या बेसल गँग्लिया या पेशीसमूहांचा आणि लहान मेंदूचा तिच्यात मोठा वाटा असतो. संस्कृत भाषा, नीतिशास्त्र आणि पुराणकथा यांचे ज्ञान मात्र मेंदूच्या बाह्य आवरणात, विशेषतः कानशिलांजवळच्या भागांत, दूरवर पसरलेले असते. ‘बुधभूषणम्’ हा संस्कृत ग्रंथ शंभूराजांच्या नावावर आहे. 

त्यांचा राज्याभिषेक १६ जानेवारी १६८१ रोजी झाला. त्यानंतरची आठ वर्षे मोगल, जंजिऱ्याचे सिद्दी आणि गोव्याचे पोर्तुगीज अशा अनेक आघाड्यांवर झुंजण्यात गेली. रणांगणावर ऐन क्षणी अनेक गोष्टी एकदम मनात धरून निर्णय घ्यावा लागतो. ते काम प्रामुख्याने कपाळामागच्या मेंदूचे असते.

संगमेश्वरी १ फेब्रुवारी १६८९ रोजी मुकर्रबखानाने त्यांना कवी कलशांसह पकडले. कैदेत त्यांचे डोळे काढण्यात आले. मोठेपणी दृष्टी गमावलेल्या माणसाच्या मनातून पूर्वी पाहिलेले जग पुसले जात नाही. परिचित चेहरे आणि वाटा त्याला मनापुढे आणता येतात. औरंगजेबाला हिरावता येणार नाही असे काही त्या कैद्यापाशी होते, असे म्हणता येईल. ११ मार्च १६८९ रोजी, फाल्गुन अमावास्येला, भीमेच्या काठी त्यांना ठार मारण्यात आले. पुत्र शाहू तेव्हा सात वर्षांचेही झाले नव्हते. परंतु त्या वयातील स्मृती टिकू शकते. शंभूराजांना आईबाबतीत जे बहुधा लाभले नाही, ते शाहूंना पित्याबाबतीत लाभले असावे.

शिरूर तालुक्यात, कोरेगाव भीमापासून जवळच असलेल्या वढू बुद्रुक येथे शंभूराजांची समाधी आहे. ग्रामस्थांनी त्यांच्या देहावर अंत्यसंस्कार केले, अशी परंपरा आहे. ते नेमके कोणी केले याविषयी निरनिराळ्या समाजांनी निरनिराळ्या आठवणी जपल्या आहेत आणि त्यावरून वादही झाले आहेत. एकट्या माणसाची आठवणही शिलालेखासारखी अचल नसते. ती जागी झाली की काही काळ मऊ पडते, आणि पुन्हा घट्ट होताना तिच्यात नवे काही मिसळू शकते. मग पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या आठवणीबाबत कागदपत्रांचा आधार किती मोलाचा, हे वेगळे सांगायला नको.

दर फाल्गुन अमावास्येला वढूला लोक जमतात. त्यांतील कोणीही शंभूराजांना पाहिलेले नाही. तान्हेपणी आई गमावलेल्या मुलाला ती घरातल्या माणसांच्या तोंडूनच कळते. समाधीपुढे उभ्या राहणाऱ्यांचेही तसेच आहे. म्हणूनच सांगणाऱ्याने जपून सांगितले पाहिजे.