पेटी घेऊन वॉर्डावॉर्डांत फिरणारा डॉक्टर

मणक्याला मार लागून पाय गेलेल्या रुग्णाच्या मांड्यांवर चिकटपट्ट्या लावतात, त्यातून मोजूनमापून वीज सोडतात आणि त्याचेच पाय सायकलचे पेडल फिरवू लागतात. कोणत्या स्नायूला केव्हा झटका द्यायचा ते संगणक ठरवतो. अशा सायकली १९८० च्या दशकात आल्या. पण कातडीला सुई न टोचता नेमक्या एका स्नायूला वीज द्यायची युक्ती सव्वाशे वर्षांनी तरी जुनी. ती बसवली गियोम द्युशेन या फ्रेंच डॉक्टरांनी.

त्यांचा जन्म १८०६ चा, उत्तर फ्रान्समधल्या बूलोन बंदरातला. घराणे दर्यावर्दी. पोराने समुद्रावर जावे ही वडिलांची इच्छा. पोरगा पॅरिसला डॉक्टरकी शिकायला गेला. १८३१ मध्ये पदवी घेऊन गावी परतले, लग्न झाले. १८३३ मध्ये बाळंतपणानंतर पत्नी गेली. बाळंतपणाच्या वेळी तिच्याजवळ हे एकटेच होते, यावरून सासूबाईंनी गावभर बोलबाला केला. मुलगा एमिलही दुरावला, तो पुढची जवळपास तीस वर्षे.

त्याच सुमारास ते सुया टोचून स्नायूंना वीज देऊन पाहत होते. त्यात ध्यानात आले, की ओलसर टोके कातडीवर नीट टेकवली तर सुईची गरजच नाही. फॅरेडे यांनी १८३१ मध्येच शोधलेल्या तत्त्वावर चालणारे यंत्र त्यांनी हाताशी घेतले. १८४२ मध्ये पॅरिस गाठले.

तिथे कुठल्याही इस्पितळात त्यांना पद नव्हते. पेटी घेऊन वॉर्डावॉर्डांत फिरायचे, आवडीचा रुग्ण दिसला की त्याचा पाठपुरावा करायचे, तो दुसऱ्या इस्पितळात गेला तर तिथेही जायचे. बिनपगारी माणसाची ही चिकाटी पाहून तरुण डॉक्टर आधी हसले. पुढे नामांकित झालेले शार्को मात्र त्यांना गुरू मानत.

सगळा लकवा सारखा नसतो, हे त्यांनी विजेने दाखवले. मेंदूकडचा बिघाड असेल तर स्नायू झटक्याला दाद देतो. स्नायूकडे येणारी नसच गेली असेल तर देत नाही. आजच्या सायकलीचा हिशेबही हाच. मज्जारज्जूला वर मार लागला, पण तिथून मांडीपर्यंतची नस शाबूत आहे, तरच पेडल फिरते. झोकांड्या खात चालणारे काही रुग्ण पाय गेलेले समजले जात. त्यांच्या पायांत जोर भरपूर आहे, बिघडलाय तो ताळमेळ, हेही द्युशेन यांनीच १८५८ च्या सुमारास मांडले.

१८५५ मध्ये विजेच्या उपचारावर त्यांचे पुस्तक आले. १८६२ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंवरचे, फोटोंसह. त्यातले काही फोटो डार्विन यांनी १८७२ च्या आपल्या पुस्तकात घेतले.

पोटऱ्या जाडजूड, पण पायांत बळ नाही, अशी लहान मुले त्यांच्याकडे येत. १८६८ मध्ये अशा १३ रुग्णांची नोंद त्यांनी छापली. स्नायूचा बारीक तुकडा काढायला खास सुई केली. आईबापांना पोराची चिरफाड नको असायची. तो रोग आज द्युशेन यांच्याच नावाने ओळखला जातो. पूर्ण बरे करणारे औषध अजून नाही.

एमिल मोठेपणी परत आला, वडिलांच्याच वाटेने मज्जासंस्थेचा डॉक्टर झाला. १८७१ मध्ये तोही गेला. द्युशेन यांचे निधन १८७५ मध्ये पॅरिसला झाले.