तोंडातल्या जंतूंनी हरवलेला संगीतकार

गुस्ताव माहलर हा कंडक्टर होता. बसमधला नव्हे, वाद्यवृंदाचा! शंभरेक वादकांसमोर उभं राहून हातातल्या छोट्याशा काठीने सगळ्यांना एका तालात बांधणारा. शिवाय तो स्वतः मोठा संगीतकारही होता. आणि एवढ्या मोठ्या माणसाचा जीव घेतला तो तुमच्या-आमच्या तोंडात रोज सुखाने नांदणाऱ्या जंतूंनी.

माहलरचा जन्म ७ जुलै १८६० रोजी बोहेमियातल्या एका खेड्यात, ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचा दारूचा धंदा. चौदा भावंडं, पण त्यातली बरीचशी लहानपणीच दगावली. पंधराव्या वर्षी तो व्हिएन्नाच्या संगीत विद्यालयात दाखल झाला आणि मेहनतीने वर चढत १८९७ साली तिथल्या राजदरबारी ऑपेराचा प्रमुख बनला. त्या पदासाठी त्याला धर्म बदलावा लागला. दहा वर्षं त्याने ते ऑपेरागृह गाजवलं. शिस्त इतकी कडक की वादक त्याला टरकून असत. स्वतःच्या सिंफनी लिहायला वेळ मिळायचा तो फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत.

१९०७ साल मात्र वाईट उगवलं. त्याची थोरली मुलगी मारिया अवघ्या चार वर्षांची असताना तापाने गेली. त्यानंतर काही दिवसांतच डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की माहलरच्या हृदयाच्या झडपेत दोष आहे. पोहणं, डोंगर चढणं हे त्याचे जीव की प्राण असलेले छंद बंद झाले. तरी गडी थांबला नाही. १९०८ पासून तो न्यूयॉर्कमध्ये काम करू लागला. १९१० मध्ये म्युनिकला त्याची आठवी सिंफनी हजाराहून अधिक गायक-वादकांनी सादर केली.

आता थोडं आपल्या भाषेत. व्हॉल्व्ह नीट बंद झाला नाही की गळती होते आणि प्रवाहात खळबळ माजते, हे आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये शिकतोच. हृदयाचंही तसंच. आपल्या तोंडात स्ट्रेप्टोकोकस जातीचे जंतू कायम असतात. दात काढताना, कधी कधी नुसतं ब्रश करतानासुद्धा ते रक्तात शिरतात. धडधाकट माणसाचं शरीर त्यांना लगेच निकालात काढतं. पण खराब झडपेच्या खडबडीत जागेवर ते चिकटून बसतात, तिथेच वाढतात आणि झडप पोखरतात. हा आजार क्वचितच होतो, पण झाला की जीवघेणा.

माहलरचं तेच झालं. २१ फेब्रुवारी १९११ रोजी अंगात ताप असताना त्याने कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम केला. तो शेवटचाच ठरला. डॉ. लिबमन यांनी सहकाऱ्याकरवी त्याच्या रक्ताची तपासणी करवली आणि काही दिवसांत त्यात स्ट्रेप्टोकोकसच्या वसाहती दिसल्या. माहलरने सगळं खरं सांगायला लावलं, आणि मरायचं तर व्हिएन्नाला, असं ठरवून तो बोटीत बसला. पॅरिसच्या डॉक्टरांनाही काही करता आलं नाही. १८ मे १९११ रोजी व्हिएन्नात तो गेला. वय फक्त ५०. त्याला मारियाच्या शेजारीच पुरलं. नववी सिंफनी त्याने स्वतः कधीच ऐकली नाही, दहावी तर अपुरीच राहिली.

निदान अचूक होतं, पण औषधच नव्हतं. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा, आणि या आजारावर त्याचा उपयोग होऊ लागला तो १९४० च्या दशकात. आज हा आजार वेळेवर कळला तर पुष्कळदा बरा होतो. म्हणून दोस्तहो, कुणाच्या झडपेत दोष असेल तर दाताच्या डॉक्टरला ते आधी सांगा. आणि कित्येक दिवस ताप उतरत नसेल तर मेडिकलमधल्या गोळीवर भागवू नका, रक्त तपासून घ्या. माहलरला जे मिळालं नाही, ते आपल्या हाताशी आहे!