साथीविना व्हायोलिन

मुलांनो, आपल्या गावच्या भजनात विणेकऱ्याला पखवाजी लागतो, टाळकरी लागतात. ख्यालगायकाच्या मागे तंबोरा असतो, बाजूला तबला असतो. मग एकट्या व्हायोलिनने सारी मैफल उभी करावी, हे कसे घडावे? योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकाराने ते घडविले. असे प्रयत्न त्यांच्याआधीही झाले होते. परंतु इतकी उंची कोणी गाठली नव्हती.

बाख यांचा जन्म १६८५ मध्ये आयझेनाख येथे वादकांच्या घराण्यात झाला. दहावे वर्ष पुरे होण्याआधीच आईवडील निवर्तले व थोरल्या भावाने त्यांचा सांभाळ केला. भावाने कपाटात बंद ठेवलेली संगीताची वही त्यांनी रात्री चांदण्यात उतरून काढली, अशी आख्यायिका आहे.

१७१७ मध्ये ते कोथेनच्या राजपुत्राच्या पदरी राहिले. तेथील प्रार्थनामंदिरात संगीताला फारसे स्थान नव्हते. म्हणून त्यांची प्रतिभा वाद्यसंगीताकडे वळली. १७२० च्या उन्हाळ्यात ते राजपुत्रासमवेत कार्ल्सबाडला गेले. परतून पाहतात तो पत्नी मारिया बार्बारा यांचे दफनही होऊन गेलेले! घरात चार पोरकी मुले. त्याच वर्षाची तारीख असलेल्या वहीत त्यांनी एकट्या व्हायोलिनसाठी सहा रचना सुवाच्य अक्षरात लिहिल्या. त्यांतील ‘शाकोन’ हा भाग त्या दुःखातून स्फुरला, असे पुष्कळ जण मानतात. त्याला पुरावा नाही. आणि ऐकणाऱ्याला तो मागावासाही वाटत नाही.

शाकोनमध्ये एक लहानसा चरण सुमारे पाव तास नवनवी रूपे घेतो. व्हायोलिनची घोडी कमानदार असल्यामुळे गज एका वेळी दोनच तारांवर नीट टेकतो. बाख तो चारही तारांवरून झरकन फिरवावयास लावतात. खालचा स्वर थांबला तरी कानात रेंगाळतो आणि तिघेचौघे वाजवीत असल्याचा भास होतो.

१७५० मध्ये, दृष्टी गेलेल्या अवस्थेत, बाख वारले. या रचनांचा संपूर्ण संच १८०२ मध्ये छापला गेला. पुढील पिढीला मात्र एकटे व्हायोलिन अपुरे वाटले. मेंडेल्सन व शुमान यांनी शाकोनला पियानोची साथ जोडली. मला ती अनावश्यक वाटते. ब्राम्स यांची दृष्टी अधिक सूक्ष्म. मूळ वादकाची ओढाताण पियानोवरही उरावी म्हणून त्यांनी १८७७ मध्ये तो भाग केवळ डाव्या हातासाठी बसविला व क्लारा शुमान यांना पाठविला. योगायोग असा, की त्या वेळी क्लाराबाईंचा उजवा हात दुखावलेला होता! १९३५ मध्ये सेगोव्हिया यांनी पॅरिसला तोच भाग गिटारवर वाजविला.

बाख यांच्या हातची ती वही आज बर्लिनच्या ग्रंथालयात आहे. साथीचे वाद्य नको, हे त्यांनी तिच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे.