कॉलऱ्याचे विष शोधणारे डॉ. शंभूनाथ डे

कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात ओळखला. पण हा जंतू धडधाकट माणसाला काही तासांत मरणाच्या दारात कसा नेतो, हे कळायला आणखी ७५ वर्षे लागली. ते कोडे सोडवले त्याच शहरातल्या डॉ. शंभूनाथ डे यांनी.

१ फेब्रुवारी १९१५ रोजी बंगालमधील हुगळी जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची. शिष्यवृत्तीच्या आधारावर ते कलकत्ता मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. १९४९ मध्ये लंडनहून पीएच.डी. घेऊन परतले आणि कॉलऱ्याच्या मागे लागले.

त्या काळी अनेक संशोधक प्राण्यांच्या रक्तात किंवा पोटाच्या पोकळीत जंतू टोचून पाहत. डे यांनी लक्ष आतड्यावर ठेवले. १९५३ मध्ये त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांना बांधून त्यात जंतू सोडले. तो भाग पाण्याने टम्म फुगला. १९५९ मध्ये त्यांनी जंतू पूर्णपणे गाळून काढलेला द्रव वापरला, तरीही तेच घडले. म्हणजे जंतू जे विष बाहेर सोडतो, तेच आतड्यात पाणी आणते. हे विष आतड्याचे अस्तर नष्ट करत नाही. म्हणूनच साखर-मिठाचे पाणी रुग्णाच्या अंगी लागते आणि त्याचा जीव वाचतो.

मग कॉलऱ्याच्या जंतूचे काही प्रकार विषारी आणि काही निरुपद्रवी का? याचे उत्तर १९९६ मध्ये अमेरिकेतील वॉल्डर आणि मेकालानोस यांनी दिले. या विषाचे जनुक जंतूला बाहेरून मिळते. जंतूला ग्रासणारा एक विषाणू, म्हणजे ‘फेज’, ते घेऊन येतो आणि स्वतःचा डीएनए जंतूच्या गुणसूत्रात घुसवतो. विष बनवू न शकणारा जंतूही मग ते बनवू लागतो.

हे कळण्याआधीच, १५ एप्रिल १९८५ रोजी डे यांचे निधन झाले. १९७८ मध्ये नोबेल परिसंवादात त्यांना निमंत्रण होते. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव या पुरस्कारासाठी सुचवले होते. भारतातील एकाही विज्ञान अकादमीने मात्र त्यांना फेलो केले नाही. जुलाब लागल्यावर आपण ओआरएसचे पाकीट फोडतो. ते का लागू पडते, हे समजण्याची सुरुवात त्यांच्या प्रयोगांतून झाली होती.