विश्लेषण : दाते, छिद्रे आणि दादासाहेब फाळके

दादासाहेब फाळके यांना आपण चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून ओळखतो. पण त्यांची पहिली झुंज होती ती दातेरी चाकांच्या गणिताशी.

त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग असे बरेच काही करून झाले होते. १९११ मध्ये त्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना या माध्यमाचा ध्यास लागला. सतत चित्रपट पाहून आणि अभ्यास करून दृष्टीवर परिणाम झाला. उपचारांनंतर ती सुधारली. विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठले. येताना विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडणारे यंत्र यांची सोय करून आले.

छिद्रांचे यंत्र कशासाठी?

तेव्हा कच्ची फिल्म अनेकदा छिद्रांविनाच मिळे. ३५ मिमी फिल्मवर एका चित्रामागे प्रत्येक कडेला चार छिद्रे असतात आणि एका फुटात १६ चित्रे बसतात. म्हणजे फुटाला ६४ छिद्रे, दोन छिद्रांत सुमारे ४.७६ मिमी अंतर. चाकाचे दाते याच अंतराने हवेत. ते जुळले नाहीत तर फिल्म फाटते किंवा पडद्यावर चित्र थरथरते.

समजा, हँडलच्या एका फेरीत आठ चित्रे सरकवायची आहेत. म्हणजे ३२ छिद्रे. फिल्म ओढणारे चाक १६ दात्यांचे असेल, तर हँडलच्या एका फेरीत ते दोनदा फिरले पाहिजे. सेकंदाला दोन फेऱ्या मारल्या की १६ चित्रे होतात.

पैसे कसे उभे राहिले?

भांडवलदारांना पटवण्यासाठी फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. काही वेळाने एक, पुन्हा काही वेळाने एक, अशी चित्रे घेतली. दिवसांची वाढ पडद्यावर क्षणांत दिसली. आकडेमोड न सांगता डोळ्यांना पटवणारा हा प्रयोग होता.

‘राजा हरिश्चंद्र’चे काम दादरमध्ये झाले. पत्नी सरस्वतीबाई सगळ्यांचा स्वयंपाक करत, शिवाय अंधारात फिल्मला छिद्रेही पाडत. सुमारे ३,७०० फुटांच्या या चित्रपटात चित्रे भरतात ५९,२००. दोन्ही कडांची छिद्रे मोजली तर ४ लाख ७३ हजार ६००.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात तो प्रदर्शित झाला. फाळके यांचे १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार दरवर्षी चर्चेत असतो. त्या पहिल्या फिल्मची छिद्रे पाडणाऱ्या सरस्वतीबाईंचे नाव मात्र क्वचितच निघते.