फेकायच्या पात्याचा धनी

जुन्या काळी दाढीच्या पात्याच्या कागदी वेष्टनावर एका गृहस्थाचा चेहरा छापलेला असे. गंमत म्हणजे साऱ्या जगाला घरच्या घरी दाढी करायला शिकवणाऱ्या ह्या गृहस्थाने स्वतः मात्र भरघोस मिशा राखल्या होत्या. त्याचे नाव किंग कॅम्प जिलेट. 'किंग' ही पदवी नव्हे, आईवडिलांनी ठेवलेले नाव. आयुष्याने मात्र त्याला राजाही केले आणि अखेर रंकाच्या उंबरठ्यापर्यंतही नेले.

जिलेटचा जन्म ५ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात फाँ द्यू लाक ह्या गावी झाला. कुटुंब पुढे शिकागोला आले. वडिलांचा लोखंडी सामानाचा व्यापार होता. १८७१ साली शिकागोत महाभयंकर आग लागली आणि जिलेटांचे होते नव्हते ते जळून गेले. किंग तेव्हा सोळा वर्षांचा. तो फिरता विक्रेता झाला आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे माल विकत गावोगाव हिंडला. घरात कर्तबगारीची वाण नव्हती. आईने लिहिलेले पाककृतींचे पुस्तक १८८७ साली निघाले आणि अमेरिकेत घरोघरी पोचले.

ह्या विक्रेत्याच्या डोक्यात एक वेगळाच किडा होता. सगळे मिळून जे काम एकदाच करता येईल, ते स्पर्धेपायी शंभर जण शंभर ठिकाणी करतात, आणि त्यात माणसांचे श्रम वाया जातात, असे त्याला मनापासून वाटे. १८९४ साली त्याने 'द ह्यूमन ड्रिफ्ट' नावाचे पुस्तक लिहिले. सर्व लोकांनी नायगारा धबधब्याजवळ एकाच प्रचंड नगरात राहावे, धबधब्याच्या शक्तीवर ते नगर चालावे आणि सगळा उद्योग लोकांच्या मालकीच्या एकाच कंपनीने करावा, अशी ती कल्पना.

पोटासाठी तो त्या सुमारास बाटल्यांची पत्र्याची बुचे विकत होता. त्या बुचांचा शोधक विल्यम पेंटर हा त्याचा मालक. एकदा वापरून फेकून द्यावी लागेल अशी वस्तू शोध, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येईल, असा सल्ला पेंटरने त्याला दिला. ज्याला उधळपट्टीचा तिटकारा, त्याच्याच कानात हा मंत्र पडला!

१८९५ साली एका सकाळी दाढीला बसताना वस्तऱ्याची धार गेलेली दिसली. नुसत्या चामड्याच्या पट्ट्यावर ती येईना. तेव्हा त्याच्या मनात आले, की दाढी करते ती फक्त कड, मग एवढे जाड पोलाद हवेच कशाला? पातळ पत्र्याला दोन्हीकडून धार लावावी, तो दोन तबकड्यांत आवळावा आणि बोथट झाला की फेकावा. घड्याळाच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी, पितळेचे तुकडे आणि कानस आणून तो कामाला लागला. मात्र इतक्या पातळ पोलादाला टिकणारी धार येणार नाही, असे जाणकार सांगत. विल्यम निकरसन ह्या यंत्रतज्ज्ञाने अखेर ते साधले. १९०१ साली बोस्टनमध्ये कंपनी निघाली. १९०३ साली विकले गेले अवघे ५१ रेझर. पुढच्या वर्षी हा आकडा नव्वद हजारांवर गेला आणि १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंटही मिळाले.

यंत्र मिळाले, तरी हात शिकायचा होता. जिलेटच्या त्या पहिल्या रेझरला खाली दातेरी कड असे. दांडा घट्ट आवळला की पाते जास्त वाकून दातांजवळ येई आणि दाढी सौम्य होई. दांडा किंचित सैल केला की फट वाढे आणि तेच पाते आक्रमक होई. राठ दाढीला ते बरे, पण नवख्याच्या गालावर लाल रेघा उठत. त्यावरचा इलाज आजही तोच आहे. कोमट पाण्याने दाढी चांगली भिजवावी, फेस दाट करावा, पाते गालाशी साधारण तीस अंशांत धरावे, केसांच्या दिशेने आखूड हात मारावा आणि दाब मुळीच देऊ नये. रेझरचे वजनच पुरते. राहिलेल्या केसांसाठी जोर न लावता पुन्हा फेस लावून दुसरा हात फिरवावा. धार जितकी आक्रमक तितका हात हलका, हे पहिल्या आठ-दहा दिवसांत कळले, की पुढे आयुष्यभर त्रास नाही. १९१८ साली अमेरिकी सैन्याने शिपायांना जिलेटचे संच वाटले. लाखो तरुण दाढी करायला शिकले आणि ती सवय घेऊन घरी परतले.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे माझी नजर त्याच्या हिशेबावर जाते. रेझर एकदाच विकला जाई, पाती मात्र जन्मभर. पैशाचा ओघ लागला. पण पैसे घालणारा भागीदार जॉन जॉइस ह्याच्याशी वाद वाढले. जिलेटने बरेचसे शेअर विकले, आणि त्याच्याकडे अध्यक्षपद नावापुरते उरले. स्वप्न मात्र सुटले नव्हते. १९१० साली त्याने सर्वांच्या मालकीची एक जागतिक कंपनी मांडली आणि थिओडोर रूझवेल्टला दहा लाख डॉलर देऊन तिचे अध्यक्षपद देऊ केले. रूझवेल्टने नकार दिला. स्पर्धा नको म्हणणाऱ्या ह्या माणसाचे धन स्पर्धेतूनच आले होते, आणि ते गेलेही तिथूनच. १९३० साली प्रतिस्पर्धी कंपनीशी पेटंटचा तंटा मिटवण्यासाठी दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण झाले. तेव्हा नफ्याचे आकडे फुगवलेले होते, हे उघडकीस आले. मंदीने शेअरचे भाव आधीच पाडले होते. कॅलिफोर्नियात जमिनी आणि वाडे घेतलेला जिलेट कर्जात बुडाला आणि ९ जुलै १९३२ रोजी वारला.

उधळपट्टीविरुद्ध लिहिलेली त्याची पुस्तके आज फारसे कोणी उघडत नाही. फेकायचे पाते मात्र टिकले. आणि आपल्याकडे त्याचे काय झाले पाहा. त्याच दुधारी पात्याने आईने शिवण उसवली, मुलांनी पेन्सिलींना टोके काढली. सलूनमधला कारागीर आजही पाते कागदासकट मधोमध मोडतो, अर्धे वस्तऱ्यात बसवतो आणि अर्धे पुढच्या गिऱ्हाइकासाठी जपून ठेवतो. न्हाव्याची गरज संपवायला निघालेले पाते शेवटी त्याच्याच हाती गेले आणि एकाचे दोन होऊन वापरले गेले. काहीही वाया जाऊ नये असे वाटणाऱ्या जिलेटला हा व्यवहार नक्कीच पटला असता.